पत्ता कोणाला, किती वेळ आणि कोणत्या नोंदीवर : ब्रॉडबँडमधील डीएचसीपीचा आढावा

घरगुती ब्रॉडबँड घेताना नागपूरचा ग्राहक दोन गोष्टी विचारतो : वेग किती आणि महिन्याचे पैसे किती. पुढे वाद झाला तर तोही बहुधा वेगावरूनच होतो. लाइन जोडल्यावर पहिल्या काही क्षणांत काय घडते, याची चौकशी कोणी करत नाही. त्या क्षणांत घरातला राऊटर एक आयपी पत्ता मागतो आणि सेवा देणाऱ्याच्या टोकाचा सर्व्हर तो देतो. पत्ता मिळालाच नाही, दोन घरांना एकच मिळाला किंवा शेजारच्या भलत्याच यंत्राने दिला, तर फायबर कितीही उत्तम टाकलेला असला तरी नेट चालत नाही. ग्राहक म्हणतो, ‘लाइन गेली’. तंत्रज्ञ म्हणतो, ‘राऊटर बंद करून चालू करा’. बिघाड मात्र जागचा हलत नाही.

हे पत्तावाटप ज्या पद्धतीने होते तिचे नाव डीएचसीपी. लहान व मध्यम सेवादात्यांनी तिची मांडणी कशी करावी, कोणते पर्याय आहेत, त्यांचे फायदे-तोटे काय, याचा आढावा येथे घेतला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : पत्तावाटप हे राऊटरच्या मूळ मांडणीवर सोडून देण्याचे काम नव्हे. पत्ता कोणत्या लाइनला, किती वेळासाठी आणि कोणत्या नोंदीसह दिला, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्याकडे पक्की आहेत, त्याचीच सेवा टिकते आणि त्याच्याच ग्राहकाला संरक्षण मिळते.

केबलपासून फायबरपर्यंत

केंद्र सरकारचे ब्रॉडबँड धोरण ऑक्टोबर २००४ मध्ये आले, तेव्हा २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले जात होते. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ‘डेटावन’ सुरू केले आणि टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून नेट घरात येऊ लागले. पत्ते कोणाला व कसे द्यायचे हे तेव्हा मोठ्या सरकारी यंत्रणेतले अभियंते ठरवत होते.

दुसरी धारा केबल टीव्हीची. केबलच्या सक्तीच्या डिजिटायझेशनचा दुसरा टप्पा देशातील ३८ शहरांसाठी होता. ३१ मार्च २०१३ ही मुदत असलेल्या त्या यादीत नागपूर होते. सेट-टॉप बॉक्स आले, जुन्या तारांच्या जागी हळूहळू फायबर आला आणि त्याच फायबरवरून इंटरनेट देता येते हे केबल व्यावसायिकांनी ओळखले. नागपूरचे यूसीएन हे केबलमधून ब्रॉडबँडमध्ये आलेल्या जाळ्याचे ठळक उदाहरण. वस्तीवस्तीतल्या, लेआउटमधल्या केबलवाल्याच्या खांबावर ओएलटीचे, म्हणजे सेवादात्याच्या टोकाच्या फायबर यंत्राचे, डबे आले. ओएलटीच्या एका पोर्टमधून स्प्लिटर लावून ३२, ६४, काही ठिकाणी १२८ घरांपर्यंत फायबर जातो. काल वाहिन्यांचे पॅकेज विकणारा माणूस आज हजारो घरांच्या आयपी पत्त्यांचा व्यवस्थापक झाला आहे. व्यवसाय वाढला त्या गतीने या दुसऱ्या कामाचे शिक्षण मात्र वाढले नाही.

२०२० च्या टाळेबंदीने या उणिवा उघड्या पाडल्या. परसोडीच्या आयटी पार्कमधले आणि मिहानमधले काम घरी आले, शाळा घरी आल्या. संध्याकाळी मालिका पाहण्यापुरते चालणारे नेट दिवसभर व्हीपीएन आणि व्हिडिओ कॉल सांभाळू लागले. पत्त्यांची मांडणी कच्ची असेल तर काय होते, ते त्या महिन्यांत पुष्कळांना कळले.

चार संदेशांचा व्यवहार

संगणकाला आपोआप पत्ता देण्याचे प्रयत्न १९८० च्या दशकातले. १९८५ मध्ये बूटपी आली. तिच्यात कोणत्या यंत्राला कोणता पत्ता हे माणसाने आधी लिहून ठेवावे लागे. पत्ता ठरावीक मुदतीसाठी उसना, म्हणजे लीजवर, देण्याची सोय डीएचसीपीने आणली. तिचा पहिला मसुदा ऑक्टोबर १९९३ चा. आज वापरात असलेले रूप आरएफसी २१३१ या दस्तऐवजात आहे. तो मार्च १९९७ चा असून त्याचे लेखक राल्फ ड्रॉम्स आहेत.

व्यवहार चार संदेशांचा आहे. राऊटर सुरू होताच ‘कोणी पत्ता देणारा आहे का’ अशी हाक सर्वांना ऐकू जाईल अशी मारतो. सर्व्हर एक पत्ता देऊ करतो. राऊटर तोच पत्ता रीतसर मागतो. सर्व्हर मंजुरी देतो. पत्त्यासोबत सबनेट मास्क, गेटवे, डीएनएस सर्व्हर आणि लीजची मुदत येते. सर्व्हर यूडीपीच्या ६७ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो, ग्राहकाचे यंत्र ६८ वर. पहिली हाक सर्वांसाठी असते आणि जो आधी उत्तर देईल त्याचे ऐकले जाण्याची शक्यता मोठी, ही या पद्धतीची सोय आहे आणि तिचा दुबळेपणाही. सर्व्हर खरा की खोटा हे तपासण्याची सोय नेहमीच्या व्यवहारात नाही.

सर्व्हर सापडलाच नाही तर विंडोजचा संगणक १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतो. तक्रार घेऊन गेलेल्या तंत्रज्ञाला हा आकडा दिसला, तर फायबरचा प्रकाश मोजत बसण्यापूर्वी त्याने पत्तावाटप तपासावे.

पीपीपीओई की डीएचसीपी

नागपुरातल्याच नव्हे, देशभरातल्या लहान सेवादात्यांची रुळलेली पद्धत पीपीपीओईची आहे. ग्राहकाच्या राऊटरमध्ये नाव आणि पासवर्ड भरायचा, रेडियस सर्व्हरने तो तपासायचा आणि मग जोडणी द्यायची. येथे ग्राहकाचा पत्ता डीएचसीपी देत नाही. तो पीपीपीच्या स्वतःच्या वाटाघाटीत ठरतो. या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे हिशेब. कोण कधी जोडला गेला, कधी सुटला, किती डेटा वापरला, हे रेडियसमध्ये नावानिशी नोंदले जाते. वर्गणी थांबली की नाव बंद करता येते.

तोटेही आहेत. प्रत्येक पॅकेटमागे आठ बाइट खर्च होतात, म्हणून १५०० ऐवजी १४९२ बाइटचीच पॅकेट जाते. हे जुळवले नाही तर काही संकेतस्थळे अर्धवट उघडतात. राऊटर बदलला किंवा रिसेट झाला की पासवर्ड पुन्हा भरण्यासाठी माणूस पाठवावा लागतो. मध्यवर्ती यंत्रावर प्रत्येक ग्राहकाचे स्वतंत्र सत्र सांभाळण्याचा भार पडतो.

दुसरी पद्धत थेट डीएचसीपीची, जिला आयपीओई म्हणतात. ग्राहकाने राऊटर लावला की पत्ता मिळतो. नाव नाही, पासवर्ड नाही. पॅकेट पूर्ण १५०० बाइटची जाते. पण पीपीपीओईत जी ओळख नावाने मिळत होती, ती येथे मुद्दाम उभी करावी लागते. हे न करता केवळ ‘पासवर्डची कटकट नको’ म्हणून डीएचसीपीवर जाणारा सेवादाता आपल्याच जाळ्यात अनोळखी माणसांना घर देतो. माझे मत असे की, ज्याच्या ओएलटीत लाइनची ओळख जोडण्याची सोय आहे आणि ती वापरण्याची तयारी आहे, त्याने डीएचसीपी घ्यावी. नसेल तर पीपीपीओईवरच राहावे. अर्धवट डीएचसीपीपेक्षा नीट चालवलेली पीपीपीओई बरी.

पूल : कोणते पत्ते वाटायचे

जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले आयपीव्ही४ पत्ते ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. आशिया-पॅसिफिक विभागाचा कारभार पाहणाऱ्या एपनिककडे १५ एप्रिल २०११ ला शेवटचा मोठा गठ्ठा उरला. त्यानंतर सभासदाला त्या गठ्ठ्यातून जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळत. २०१९ मध्ये ही मर्यादा ५१२ वर आली. भारतात हे काम निक्सीच्या छत्राखालील आयआरआयएनएन पाहते. पाच-सहा हजार ग्राहक असलेल्या सेवादात्याला प्रत्येक घरी जाहीर पत्ता देणे म्हणूनच अशक्य आहे. तो आत खासगी पत्ते वाटतो आणि बाहेर जाताना अनेकांना एका जाहीर पत्त्यामागे उभे करतो.

हे खासगी पत्ते कोणते निवडायचे, येथे नेहमीची चूक होते. १०, १७२.१६ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे तीन खासगी पट्टे १९९६ च्या आरएफसी १९१८ ने ठरवून दिले आहेत. घरातला राऊटर आपल्या आतल्या यंत्रांना बहुधा १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० मधले पत्ते देतो. सेवादात्यानेही ग्राहकाच्या राऊटरला बाहेरून १९२.१६८.१ मधलाच पत्ता दिला, तर राऊटरच्या दोन्ही बाजूंना एकच पट्टा येतो आणि पॅकेट कुठे पाठवायचे हे त्याला कळत नाही. १० चा पट्टा मोठा असला तरी कंपन्यांचे अंतर्गत जाळे बहुधा त्यातच असते. मग घरून काम करणाऱ्याचे व्हीपीएन काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी अडते, आणि कारण कोणालाच सापडत नाही.

या अडचणीसाठीच एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ ने १००.६४.०.०/१० हा वेगळा पट्टा सेवादात्यांसाठी राखून ठेवला. त्यात ४१,९४,३०४ पत्ते आहेत. नागपूरच काय, विदर्भातल्या कोणत्याही स्थानिक सेवादात्याला ते पुरून उरतील. नवे जाळे उभारणाऱ्याने दुसरा विचार करू नये. जुने बदलायचे असेल तर एकेक भाग घेऊन बदलावे.

पूल आखताना आणखी तीन पथ्ये पाळावीत. पूल भागांप्रमाणे तोडावा : महालचा वेगळा, धरमपेठचा वेगळा, मानेवाड्याचा वेगळा. त्यामुळे एका भागातला गोंधळ दुसऱ्यात जात नाही आणि पत्ता पाहताच भाग ओळखता येतो. गेटवे, स्विच, ओएलटी यांचे पत्ते पूलच्या बाहेर ठेवावेत. आणि ग्राहकसंख्येपेक्षा पूल बराच मोठा असावा. २५४ पत्त्यांच्या पूलवर २४० घरे जोडली, तर राऊटर बदललेल्या दहा-पंधरा घरांचे जुने लीज सुटेपर्यंत नव्यांना पत्ता मिळत नाही.

लीज : किती वेळासाठी

लीजची मुदत हा या मांडणीतला सर्वाधिक दुर्लक्षित आकडा आहे. मायक्रोटिक राऊटरच्या जुन्या आवृत्त्यांत तो मुळात १० मिनिटे असे, सिस्कोच्या राऊटरवर १ दिवस, विंडोज सर्व्हरवर ८ दिवस. तिन्ही ठिकाणी परिस्थिती वेगळी गृहीत धरलेली आहे. आपल्या ग्राहकाला त्यातले कोणते गृहीत लागू पडते, हे आपणच ठरवायचे असते.

नियम असा : मुदतीचा निम्मा काळ उलटला की ग्राहकाचा राऊटर त्याच सर्व्हरकडे मुदतवाढ मागतो. उत्तर आले नाही तर ८७.५ टक्के काळ गेल्यावर तो कोणत्याही सर्व्हरला विचारू लागतो. मुदत संपली तर पत्ता सोडावा लागतो. आता समजा सहा हजार घरे आहेत आणि लीज १० मिनिटांचे आहे. प्रत्येक घर दर ५ मिनिटांनी मुदतवाढ मागणार, म्हणजे सर्व्हरकडे सेकंदाला २० विनंत्या. लीज २४ तासांचे केले तर हाच आकडा सात सेकंदांना एक इतका खाली येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे १० मिनिटांच्या लीजवर सर्व्हर दहा मिनिटे बंद पडला की सगळ्या घरांचे नेट जाते. २४ तासांच्या लीजवर तेवढ्या वेळात दुरुस्ती होते आणि ग्राहकाला पत्ताही लागत नाही.

मग लहान लीज का ठेवतात? वर्गणी न भरणाऱ्याला लवकर तोडता यावे, हे एक कारण सांगितले जाते. त्यासाठी रेडियसमार्फत चालू सत्र बदलण्याची स्वतंत्र सोय आहे; थोड्या थकबाकीदारांसाठी सगळ्या ग्राहकांची मुदत तोडण्याची गरज नाही. घरगुती फायबरला १२ ते २४ तासांचे लीज योग्य. पत्त्यांचा पट्टा बदलायचा असेल तेव्हा एक-दोन दिवस आधी मुदत अर्ध्या तासावर आणावी, बदल करावा आणि पुन्हा वाढवावी.

सार्वजनिक वायफायचे गणित उलटे आहे. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या नागपूरच्या स्मार्ट सिटी प्रकल्पात १,२०० किलोमीटर फायबर आणि १३६ ठिकाणी वायफाय अशी योजना होती. बर्डीसारख्या चौकात माणूस पंधरा मिनिटे थांबतो आणि निघून जातो. जाताना त्याचा फोन पत्ता परत करत नाही. शिवाय २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट मॅक पत्ता दाखवतात. अशा ठिकाणी दिवसाचे लीज ठेवले तर दुपारपर्यंत पूल संपतो. तेथे अर्धा ते एक तास पुरे.

नागपूरच्या उन्हाळ्याचाही विचार लीजमध्ये करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, विजेची मागणी वाढते, रोहित्रे बिघडतात आणि एका संपूर्ण लेआउटची लाइट जाते. ती परत येते तेव्हा शेकडो राऊटर एकाच मिनिटात जागे होऊन पत्ता मागतात. उत्तर न मिळालेल्या यंत्राने ४, मग ८, मग १६ असे सेकंद वाढवत आणि त्यात थोडा अनियमितपणा ठेवून पुन्हा विचारावे, असे आरएफसी २१३१ सांगते. पण स्वस्त राऊटर ते नेमके पाळतीलच असे नाही. अशा वेळी मोठ्या लीजचा फायदा होतो, कारण सर्व्हरला जुनी नोंद सापडते आणि घराला तोच पत्ता परत मिळतो. अट एकच : नोंदी डिस्कवर लिहिलेल्या हव्यात. मायक्रोटिकची मूळ मांडणी लीज दर ५ मिनिटांनी डिस्कवर लिहिते. त्या दरम्यान सर्व्हरचीच वीज गेली, तर शेवटच्या नोंदी पुसल्या जातात आणि एकच पत्ता दोघांना जाण्याचा धोका उभा राहतो. सर्व्हरला यूपीएस आणि देण्याआधी पत्ता रिकामा आहे का हे तपासण्याची सोय, या दोन्ही गोष्टी येथे चैनीच्या नाहीत.

ओळख : यंत्राची नव्हे, लाइनची

पुष्कळ सेवादाते ग्राहक ओळखण्यासाठी त्याच्या राऊटरचा मॅक पत्ता बांधून ठेवतात. ग्राहकाने राऊटर बदलला की नेट बंद आणि फोन सुरू. शिवाय मॅक पत्ता कोणीही दोन मिनिटांत नक्कल करू शकतो. ओळख अशा गोष्टीवर बांधावी जी ग्राहकाच्या हातात नाही, आणि ती म्हणजे लाइन.

जानेवारी २००१ च्या आरएफसी ३०४६ ने यासाठी ऑप्शन ८२ दिला. ग्राहकाची विनंती ओएलटीतून जाते तेव्हा ओएलटी तिच्यावर ‘ही अमुक पोर्टवरच्या अमुक ओएनटीकडून (ग्राहकाच्या घरातल्या फायबर यंत्राकडून) आली’ अशी नोंद जोडतो. सर्व्हर त्या नोंदीवरून पत्ता देतो. राऊटर दहा वेळा बदलला तरी घर तेच राहते. ओएलटीचा नकाशा आणि ग्राहकांची यादी एकमेकांशी जुळलेली ठेवणे, एवढेच शिस्तीचे काम मागे उरते. लाइनमनने घाईत ग्राहक एका पोर्टवरून दुसऱ्यावर हलवला आणि कार्यालयात सांगितले नाही, तर ही सगळी मांडणी खोटी पडते. म्हणून हे काम तंत्राइतकेच माणसांच्या सवयीचे आहे.

दुसरा धोका घुसखोर सर्व्हरचा. ग्राहक नवा राऊटर आणतो आणि सेवादात्याची तार वॅन पोर्टऐवजी लॅन पोर्टमध्ये खोचतो. आता त्याचा राऊटर शेजाऱ्यांनाही १९२.१६८ चे पत्ते वाटू लागतो. अपार्टमेंटमधल्या सहा घरांचे नेट जाते आणि सातव्या घरातल्या चुकीचा संशय कोणालाच येत नाही. हाच प्रकार कोणी हेतुपुरस्सर केला तर तो खोटा डीएनएस देऊन ग्राहकाला बनावट बँकेच्या पानावर नेऊ शकतो. उपाय जुने आणि सिद्ध आहेत : ओएलटीवर ग्राहकांना एकमेकांपासून वेगळे ठेवणे, शक्य तेथे घरागणिक वेगळा व्हीलॅन, आणि स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे पत्ता देणारी उत्तरे फक्त वरच्या विश्वासू पोर्टवरूनच स्वीकारणे. ग्राहकाने हाताने भलताच पत्ता टाकून जाळ्यात शिरू नये म्हणून लीज दिलेल्या पत्त्यांनाच गेटवेने उत्तर द्यावे, अशी मांडणीही मायक्रोटिकसह बहुतेक राऊटरांवर करता येते.

सर्व्हरच्या सॉफ्टवेअरविषयीही एक सूचना. लिनक्सवर वर्षानुवर्षे चालत आलेल्या आयएससी डीएचसीपीचा सांभाळ तिच्या निर्मात्यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये थांबवला आणि ‘किया’ या नव्या सर्व्हरकडे वळण्यास सांगितले. जुना सर्व्हर चालतो म्हणून तसाच ठेवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावे.

नोंद : कायदा आणि माणूस

ऑगस्ट २००७ मध्ये बंगळूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याला पुणे पोलिसांनी अटक केली. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकल्याचा आरोप होता. आयपी पत्त्यावरून इंटरनेट कंपनीने जी माहिती दिली ती चुकीची होती. चूक लक्षात येऊन सुटका होईपर्यंत त्या तरुणाचे पन्नास दिवस तुरुंगात गेले. पत्त्याची नोंद चुकली की काय होते, याचे याहून कठोर उदाहरण महाराष्ट्राला शोधावे लागणार नाही.

तेव्हापेक्षा आज चुकीची शक्यता अधिक आहे, कारण एका जाहीर पत्त्यामागे अनेक घरे असतात. एका पत्त्याला ६५,५३६ पोर्ट असतात. पहिले १,०२४ बाजूला ठेवले तर ६४,५१२ उरतात. ६४ घरांत वाटले तर प्रत्येकाला १,००८. पोलिसांनी केवळ पत्ता आणि वेळ विचारली, तर उत्तर म्हणून ६४ घरांची यादी येते. नेमके घर सांगण्यासाठी पोर्ट क्रमांक लागतो. आपल्या सर्व्हरवर येणाऱ्याचा पोर्ट आणि अचूक वेळ नोंदवावी, अशी सूचना २०११ च्या आरएफसी ६३०२ ने केली, ती याच कारणाने. सेवादात्याने प्रत्येक घराला पोर्टांचा ठरावीक गट कायम नेमून दिला तर नोंदींचा ढीग फार कमी होतो आणि उत्तर गणितानेच मिळते. ही पद्धत २०१४ च्या आरएफसी ७४२२ मध्ये मांडलेली आहे.

आपल्याकडचे नियम स्पष्ट आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटी बदलून इंटरनेट वापराच्या नोंदी किमान दोन वर्षे ठेवणे बंधनकारक केले. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपण्यास आणि सर्व घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवण्यास सांगितले. घड्याळाचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण लीज तासातासाला हात बदलत असेल तर पाच मिनिटांच्या फरकाने दुसऱ्याच घराचे नाव येते. एका यंत्रावर भारतीय वेळ आणि दुसऱ्यावर जागतिक वेळ असेल, तर साडेपाच तासांची चूक होते.

नोंद ठेवणे जितके आवश्यक, तितकेच ती झाकून ठेवणे. कोणत्या घराने केव्हा काय वापरले, ही त्या घराची खासगी बाब आहे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी ठरवले. त्या पीठावर नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. लीजची नोंदवही ऑफिसातल्या कोणत्याही संगणकावर, सगळ्यांना माहीत असलेल्या एकाच पासवर्डने उघडत असेल, तर तो सेवादाता ग्राहकाच्या विश्वासाशी खेळतो आहे.

आयपीव्ही६ : खरा मार्ग

वर सांगितलेल्या निम्म्या अडचणी पत्त्यांच्या टंचाईतून आलेल्या आहेत. घरातला सीसीटीव्ही बाहेरगावाहून थेट पाहता येत नाही, खेळांचे सर्व्हर जोडले जात नाहीत, स्थिर पत्त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात, या सगळ्याचे मूळ तेच. टंचाई कायमची मिटवणारा मार्ग आयपीव्ही६ चा. मोबाइलमध्ये भारताने तो धडाक्याने स्वीकारला. जिओची सेवा २०१६ मध्ये सुरू झाल्यानंतर हे प्रमाण झपाट्याने वाढले आणि या बाबतीत भारत जगातल्या आघाडीच्या देशांत गणला जातो. वायरलाइनमध्ये मात्र आपण मागे राहिलो. ३१ डिसेंबर २०२२ नंतरची प्रत्येक नवी घरगुती वायरलाइन जोडणी आयपीव्ही६ चालवू शकणारी असावी, असे दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२१ मध्येच सांगितले आहे.

येथे डीएचसीपीचे काम बदलते. एका राऊटरला एक पत्ता देण्याऐवजी डीएचसीपीव्ही६ घराला पत्त्यांचा अख्खा गट देते. याला प्रिफिक्स डेलिगेशन म्हणतात. लहान सेवादात्यालाही साधारणपणे /३२ चा गट मिळतो. प्रत्येक घराला त्यातला /५६ दिला, तर १,६७,७७,२१६ घरांना पुरतो आणि प्रत्येक घरात २५६ वेगळी जाळी करता येतात. एवढी समृद्धी असताना काही जण ग्राहकाला फक्त /६४ देतात. मग घरात पाहुण्यांचे वायफाय किंवा कॅमेऱ्यांचे जाळे वेगळे करता येत नाही. टंचाईच्या काळातली काटकसर येथे आणू नये. दिलेला गट वारंवार बदलूही नये. एकेका लाइनला तो कायमचा नेमून दिला की नोंद सोपी होते, पोर्टांचा हिशेब लागत नाही आणि ६४ घरांतून एक शोधण्याचा प्रसंगच येत नाही.

घरातल्या बाजूचे एक लक्षात ठेवावे : अँड्रॉइडचे फोन डीएचसीपीव्ही६ कडून एकेकटा पत्ता घेत नाहीत. ग्राहकाच्या राऊटरने घरात आयपीव्ही६ ची जाहिरात करून फोनला स्वतःचा पत्ता बनवू द्यावा. हे चालू नसलेला राऊटर ग्राहकाला देऊ नये.

काय करावे

नागपूर आणि आसपासच्या स्थानिक सेवादात्यांसाठी या आढाव्यातून निघणारी कामे मोजकी आहेत. ग्राहकांसाठी १००.६४ चा पट्टा घ्या आणि तो भागांप्रमाणे तोडा. घरगुती लीज १२ ते २४ तासांचे ठेवा, सार्वजनिक वायफायचे अर्ध्या ते एक तासाचे. ओळख ऑप्शन ८२ ने लाइनवर बांधा; ते जमत नसेल तर पीपीपीओई सोडू नका. स्नूपिंग आणि ग्राहकांचे विलगीकरण आजच चालू करा. सर्व यंत्रांची घड्याळे जुळवा, नोंदी दोन वर्षे जपा आणि त्या पाहण्याचा अधिकार मोजक्यांनाच द्या. नव्या प्रत्येक जोडणीला आयपीव्ही६ चा /५६ द्या. यातल्या बहुतेक गोष्टींना नवे यंत्र लागत नाही. आहे त्या राऊटरवर, ओएलटीवर अर्धा दिवस बसून त्या करता येतात.

ग्राहकांनीही आपले थोडे काम करावे. सेवादात्याची तार नेहमी राऊटरच्या वॅन पोर्टमध्येच लावावी. नवी जोडणी घेताना वेग आणि पैशांसोबत तीन प्रश्न विचारावेत : आयपीव्ही६ मिळेल का, राऊटर बदलल्यास नेट आपोआप सुरू होईल का, आणि माझ्या वापराची नोंद कोण पाहू शकतो? ज्या सेवादात्याकडे या तिन्हींची सरळ उत्तरे असतील, त्याच्याकडे जोडणी घ्यावी. वेग पाच-दहा एमबीपीएसने कमी असला तरी.